नॅनोपावडरपासून केलेला धातू, त्यातले दाणे आणि त्याची ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पॉलिटेक्निकची मुलं, मिरजोळे, लोटे, कुडाळच्या एमआयडीसीतले छोटे कारखानदार आणि अधूनमधून एखादा बोटमालक, यांच्याकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘नॅनो’ (म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, नॅनोमीटरमध्ये, मोजण्याइतका बारीक) हा शब्द जाहिरातीत दिसला की माल दुप्पट मजबूत असणार असं धरून चालणारे बरेच भेटतात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

धातूतला दाणा म्हणजे काय? तो डोळ्यांनी दिसतो का?

धातू एकसंध दिसला तरी आतून तो असंख्य लहान स्फटिकांचा बनलेला असतो. प्रत्येक स्फटिकात अणू ठरावीक रांगांत बसलेले असतात. शेजारच्या स्फटिकातही तशाच रांगा असतात, फक्त त्यांची दिशा वेगळी असते. अशा एका स्फटिकाला दाणा किंवा ग्रेन म्हणतात. दोन दाणे जिथे भिडतात ती सीमा, म्हणजे ग्रेन बाउंड्री.

बहुतेक धातूंत दाणे पाहायला मायक्रोस्कोप लागतो, पण दोन ठिकाणी ते उघड्या डोळ्यांनाही दिसतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नवी बादली उन्हात तिरकी धरा. तिच्यावर जी कोनाकोनांची चमकती नक्षी दिसते, त्यातला एकेक तुकडा म्हणजे जस्ताचा एकेक दाणा. दुसरं ठिकाण म्हणजे जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या दाराची ओतीव पितळी कडी. वर्षानुवर्षं हाताचा घाम लागून पितळ किंचित झिजतं आणि दाण्यांच्या कडा उठून दिसू लागतात. बोट फिरवून नाही कळणार, उजेड तिरका पडू द्या.

पावडरीचा कण आणि धातूतला दाणा एकच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कण म्हणजे पावडरीचा सुटा तुकडा. दाणा म्हणजे त्या तुकड्याच्या आतला स्फटिक. बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) बराच वेळ दळलेल्या पावडरीचा कण 40 मायक्रॉनचा असू शकतो आणि त्याच्या आतले दाणे मात्र 30 नॅनोमीटरचे. (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर.) धातूची वाफ करून ती थंड वायूत गोठवली, तर होणारा कण बहुधा एका दाण्याचाच असतो. तयार वस्तूची ताकद तिच्यातल्या दाण्यावर ठरते. पावडरीच्या पोत्यावर छापलेल्या कणाच्या मापावर ती ठरत नाही.

दाणे लहान असले की धातू मजबूत का होतो?

धातू वाकतो किंवा ताणला जातो, तेव्हा अणूंच्या रांगा एकदम सरकत नाहीत. रांगेत कुठेतरी एक चूक असते, एखादी अर्धवट घुसलेली रांग. तिला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की ही चूक पुढे पुढे सरकते आणि ती दाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की तेवढा भाग एक अणू सरकलेला असतो. अशा लाखो चुका सरकल्या की आपल्याला खिळा वाकलेला दिसतो.

आता ही चूक दाण्याच्या सीमेशी आली की अडते, कारण पलीकडच्या रांगांची दिशा वेगळी असते. आपल्याकडे जांभ्याच्या गडग्यांनी परडी वेगळी केलेली असतात, तसंच हे. एका मोठ्या मोकळ्या परड्यात गुरं लांबवर धावून मागून जोराचा रेटा देऊ शकतात आणि गडगा ढासळतो. परडं चिमुकलं असेल तर रेटा द्यायला मागे गुरंच मावत नाहीत. लहान दाण्यात सीमेपाशी डिसलोकेशनांची रांगच लहान लागते, म्हणून पलीकडच्या दाण्यात सरकण सुरू करायला बाहेरून जास्त जोर लावावा लागतो. ज्या जोराला धातू कायमचा वाकायला सुरुवात होते, ती त्याची यील्ड स्ट्रेंग्थ. दाणे बारीक केले की ती वाढते.

किती वाढते? काही आकडा सांगता येईल का?

येईल. एरिक हॉल यांनी 1951 मध्ये आणि नॉर्मन पेच यांनी 1953 मध्ये लोखंड-पोलादावरच्या कामातून हा संबंध मांडला, म्हणून त्याला हॉल-पेच नियम म्हणतात. नियम असा: दाण्याच्या व्यासाचं वर्गमूळ काढा, एका ठरावीक आकड्याला त्याने भागा आणि आलेल्या उत्तरात त्या धातूची मूळ ताकद मिळवा. तो ठरावीक आकडा प्रत्येक धातूचा वेगळा.

शुद्ध तांब्यासाठी मूळ ताकद साधारण 25 मेगापास्कल (हे ताकदीचं एकक) धरा आणि व्यास मायक्रॉनमध्ये घेतला तर ठरावीक आकडा साधारण 110. मग 25 मायक्रॉनच्या दाण्यांना (नेहमीचं मऊ केलेलं तांबं) ताकद येते 47 मेगापास्कल. 1 मायक्रॉनला 135. 100 नॅनोमीटरला सुमारे 370. म्हणजे धातू तोच, त्यात काहीही न मिसळता, फक्त दाण्याच्या मापावर आठपट फरक. नॅनोधातूंचं आकर्षण आहे ते यासाठी, आणि ते खरोखर मोठं आहे.

पोलादात हा ठरावीक आकडा तांब्याच्या कितीतरी पट आहे, ॲल्युमिनियममध्ये तांब्यापेक्षाही कमी. त्यामुळे दाणे बारीक करण्याचा फायदा पोलादाला जास्त होतो.

आमच्याकडचा लोहार कोयती करतो, त्यालाही हे लागू होतं का?

पुरेपूर. नॅनोच्या कित्येक पट वरच्या मापावर, पण तत्त्व तेच. लोखंड भट्टीत गरजेपेक्षा जास्त पांढरं होईपर्यंत तापलं की आतले दाणे फुगतात. अशा कोयतीला पाणी दिलं तर धार कडक होते, पण माडाच्या झावळीवर दोन घाव बसले की टवका उडतो. जाणता लोहार म्हणूनच भात्यावर नजर ठेवतो आणि रंग पाहून लोखंड बाहेर काढतो.

त्याच्याकडे दोन तुटकी पाती मागा आणि तुटलेल्या कडा शेजारी शेजारी धरून पाहा. जास्त तापलेल्या पात्याच्या तुटीवर साखरेसारखी चमचमती खरखर दिसते. नीट तापवलेल्याची तूट बारीक आणि करड्या रंगाची, जवळपास रेशमी. माझ्या मते ही तूट एकदा हातात घेऊन पाहिली की दाण्यांचा विषय पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त समजतो.

मग दाणे बारीक करतच गेलो तर ताकद वाढतच जाईल का?

नाही. साधारण 10 ते 20 नॅनोमीटरच्या आसपास वाढ थांबते आणि त्याखाली बऱ्याचदा धातू उलट मऊ होतो. याला उलटा हॉल-पेच परिणाम म्हणतात. 1989 मध्ये अतुल चोक्सी (पुढे बंगळूरच्या आयआयएस्सीत प्राध्यापक), रोझेन, कार्च आणि हर्बर्ट ग्लायटर यांनी तांबं आणि पॅलेडियमच्या नमुन्यांत दाणे लहान झाल्यावर कठीणपणा कमी झालेला दाखवला. हे नमुने नॅनोपावडर दाबूनच केलेले होते. त्या काळच्या नमुन्यांत बारीक पोकळ्या असायच्या, त्यामुळे मऊपणा दाण्यांचा की पोकळ्यांचा, यावर बरीच वर्षं वाद झाला. पुढे 1998 मध्ये डेन्मार्कच्या याकोब श्यॉट्झ आणि सहकाऱ्यांनी संगणकावर एकही पोकळी नसलेलं तांबं तयार करून तपासलं, तर त्यातही मऊपणा दिसला. 2003 मध्ये त्यांनी तांब्याची कमाल ताकद 10 ते 15 नॅनोमीटरच्या दाण्यांपाशी येते असं दाखवलं.

कारण असं. सीमेची जाडी सुमारे 1 नॅनोमीटर धरा. 100 नॅनोमीटरच्या दाण्यांत सीमेवर बसलेला भाग सुमारे 3 टक्के असतो. 10 नॅनोमीटरला तो 30 टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्या लहान दाण्यात डिसलोकेशन मावतच नाही. मग दाणेच एकमेकांवरून घसरू लागतात आणि ज्या सीमा इतका वेळ धातूला अडवून धरत होत्या, त्याच सरकायची वाट होतात.

50 नॅनोमीटरची पावडर घेतली, म्हणजे वस्तूतले दाणेही 50 नॅनोमीटरचेच राहतील ना?

सगळ्या पानात एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. पावडर दाबून आणि तापवून वस्तू करताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पोकळ्या बुजवायच्या तर तापवावं लागतं आणि तापवलं की दाणे वाढतात.

नॅनोपावडरीचं पृष्ठफळ अफाट असतं. 50 नॅनोमीटरच्या गोल कणांची तांब्याची पावडर 1 ग्रॅम घेतली, तर कणांचं एकूण पृष्ठफळ भरतं सुमारे 13 चौरस मीटर, एका बऱ्यापैकी खोलीच्या जमिनीएवढं. एवढा पृष्ठभाग धातूला परवडत नाही. संधी मिळाली की कण एकमेकांना चिकटतात. म्हणून नॅनोपावडर साध्या पावडरीपेक्षा कमी तापमानाला जुळते, हा फायदा. पण त्याच ओढीने मोठे दाणे लहान दाण्यांना गिळतात. सिंटरिंगचा (दाबलेली पावडर न वितळवता तापवून जोडण्याचा) सुरुवातीचा बराच काळ पोकळ्यांचं जाळं सीमांना धरून ठेवतं. घनता 90 टक्क्यांच्या वर गेली, पोकळ्या एकमेकींपासून तुटल्या की हा आधार जातो आणि शेवटच्या थोड्या टक्क्यांत दाणे भराभर वाढतात. निष्काळजीपणे तापवलं तर 50 नॅनोमीटरची महागडी पावडर भट्टीतून कित्येक मायक्रॉनचे दाणे घेऊन बाहेर येते. तेवढे दाणे तर साध्या पावडरीतूनही मिळाले असते.

काही शुद्ध धातूंना भट्टीचीही गरज नसते. नॅनो दाण्यांचं शुद्ध तांबं, चांदी आणि पॅलेडियम साध्या खोलीच्या तापमानालाही काही दिवसांत दाणे वाढवताना आढळलं आहे. तेव्हा नमुना केव्हा केला आणि केव्हा तपासला, हेही विचारायला हवं.

दाणे वाढू नयेत म्हणून काय करतात?

एक मार्ग घाईचा. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये ग्रॅफाइटच्या साच्यातून जोरदार वीजप्रवाह सोडून दर मिनिटाला 100 अंश किंवा त्याहून जास्त वेगाने तापवतात आणि वरून दाबही देतात. काम मिनिटांत संपतं, दाण्यांना वाढायला सवड मिळत नाही.

दुसरा मार्ग दाबाचा: सर्व बाजूंनी वायूचा दाब देऊन कमी तापमानात पोकळ्या बंद करायच्या.

तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. दाण्यांच्या सीमेवर काहीतरी अडकवून ठेवायचं. ऑक्साइड किंवा नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण सीमेला टाचून धरतात. ॲल्युमिनियमची पावडर द्रव नायट्रोजनमध्ये दळली की असे कण दळतानाच आत तयार होतात आणि म्हणून ती पुढे तापवली तरी बऱ्यापैकी तग धरते. किंवा सीमेवर जाऊन बसणारा दुसरा धातू मिसळायचा. 2012 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या गटाने टंगस्टनमध्ये टायटॅनियम मिसळून दाखवलं, 1100 अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवूनही दाणे नॅनो मापातच राहिले.

पोकळ्या थोड्या राहिल्या तर काय बिघडतं?

ताणात फार बिघडतं. पोकळीपाशी ताण एकवटतो आणि तडा तिथून निघतो. दाबाच्या चाचणीत तोच नमुना उत्तम आकडा देतो, कारण दाबाने पोकळी मिटते. म्हणून कुणी नुसता दाबाचा किंवा कठीणपणाचा आकडा दाखवला तर ताणाचाही मागा. ग्लायटरांच्या सुरुवातीच्या काळात नॅनोधातूंचा यंग मॉड्युलस (धातू ताणाला किती कमी दाद देतो त्याचं माप) फारच कमी मोजला गेला होता. पुढे घट्ट नमुने करता आल्यावर तो जवळपास नेहमीच्या धातूएवढाच निघाला. दोष पोकळ्यांचा होता.

असा धातू ठिसूळ असतो का?

बऱ्याचदा तुटण्यापूर्वी फार कमी ताणला जातो. साधं मऊ तांबं तुटायच्या आधी 40 टक्क्यांच्या वर लांबतं, नॅनो दाण्यांचं कित्येकदा थोडेच टक्के. लहान दाण्यांत डिसलोकेशन साठत नाहीत, त्यामुळे ताणताना धातू आणखी कडक होत जात नाही. एका जागी बारीक झाला की तिथेच तुटतो.

यावर तोडगा म्हणजे मिश्र मापाचे दाणे. 2002 मध्ये तांबं द्रव नायट्रोजनच्या थंडीत लाटून आणि मग हलकं तापवून, बारीक दाण्यांत मधे मधे मोठे दाणे वाढवण्यात आले. ताकदही राहिली आणि ताणलं जाण्याची क्षमताही परत आली. पावडरीतही बारीक दाण्यांच्या पावडरीत थोडी जाड पावडर मिसळून हे साधतात.

गरम जागी, इंजिनात वगैरे चालेल का?

तापमान जास्त असेल तर नको. गरम अवस्थेत सतत भार असला की अणू दाण्यांच्या सीमांवरून सरकतात आणि वस्तू हळूहळू लांबते. या प्रकारच्या सरकण्याचा वेग दाण्याच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो: व्यास दहापट कमी, तर वेग हजारपट. विमानाच्या इंजिनातली सर्वात तापणारी पाती म्हणूनच अख्खी एका दाण्याची ओततात.

आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तो जास्त गंजेल का?

धातूवर अवलंबून आहे. स्वतःवर संरक्षक थर धरणाऱ्या काही धातूंत बारीक दाण्यांवर थर अधिक सारखा बसतो आणि फायदा होतो. ज्यांना असा थर धरता येत नाही, त्यांत सीमा जास्त म्हणजे झीजही बऱ्याचदा जास्त. पण किनाऱ्यावर माझी पहिली काळजी दाण्यांची नसते, पोकळ्यांची असते. पावडरीच्या वस्तूत पोकळ्या पृष्ठभागाशी जोडलेल्या असल्या तर खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडून राहतं. पावसाळ्याचे चार महिने ते वाळतही नाही. बाहेरून वस्तू चकचकीत आणि आतून पोखरलेली. हर्णे, मिरकरवाडा किंवा मालवणसारख्या बंदरात वापरायची वस्तू असेल तर घनतेचा दाखला आधी पाहा.

मग बोटीच्या पंख्याला (प्रॉपेलरला) किंवा शाफ्टच्या बुशाला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला) नॅनोधातू वापरावा का?

पंख्याला नको. तो ब्राँझचा ओतीव असतो, त्याला गंज आणि पाण्यातल्या बुडबुड्यांचा मार सोसायचा असतो, आणि जाळ्यात किंवा खडकावर आपटून पातं वाकलं तर ठोकून सरळ करता आलं पाहिजे. कमी ताणला जाणारा धातू तिथे तुटेल. एवढी मोठी वस्तू नॅनोपावडरीतून घट्ट करणंही फार खर्चाचं.

बुशांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. छोट्या मोटरी आणि घरातल्या विजेच्या पंख्यांत तेल पिणारी ब्राँझची बुशं असतात. ती पावडरीचीच असतात, पण त्यात साधारण पाचवा हिस्सा पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. पावडरही साधी, दहा-वीस मायक्रॉनच्या वरची. तिथे नॅनोचा काहीच संबंध नाही आणि गरजही नाही.

बारीक दाण्यांचा फायदा आपल्याकडे रोज दिसेल अशी वस्तू कोणती?

टंगस्टन कार्बाइड. कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधून, पावडर दाबून आणि सिंटर करून ते बनवतात. लेथवर लावायच्या कार्बाइड टिपांत दाणे बहुधा मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, म्हणून धार टिकते. उलट बोअर मारणाऱ्या गाडीच्या बिटवर जी गोल बटणं असतात, तीही टंगस्टन कार्बाइडचीच, पण त्यांत दाणे मुद्दाम जाड ठेवतात. जांभ्याखालच्या काळ्या दगडावर बिट आपटत असते. तिथे कठीणपणापेक्षा मार सोसणं महत्त्वाचं आणि जाड दाण्यांत तडा सहज धावत नाही. एकाच पदार्थाची ही दोन रूपं एकाच तालुक्यात वापरात आहेत. बारीक तेच चांगलं, हे दरवेळी खरं नसतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

दाण्यांचं माप आणि ताकद तपासायची कशी?

क्ष-किरण विवर्तनात नमुन्यावर क्ष-किरण सोडून त्यातून उमटणाऱ्या रेषा पाहतात. दाणे जितके लहान, तितक्या रेषा रुंद. पॉल शेरर यांनी 1918 मध्ये दिलेल्या सूत्राने रुंदीवरून माप काढतात. साधारण 100 नॅनोमीटरखालीच ते उपयोगी आहे, आणि दळल्यामुळे आत राहिलेला ताणही रेषा रुंद करतो, तो वजा करावा लागतो. खात्री हवी तर ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप.

ताकदीचा अंदाज कठीणपणावरून येतो. विकर्सचा (टोकाने ठसा पाडून मोजलेल्या कठीणपणाचा) आकडा 9.8 ने गुणून मेगापास्कलमध्ये बदला आणि 3 ने भागा. 120 विकर्स म्हणजे सुमारे 390 मेगापास्कल.

घनता मात्र कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजता येते. तुकडा हवेत तोला, मग पाण्यात टांगून तोला. उघड्या पोकळ्यांत पाणी शिरू नये म्हणून आधी मेणाचा पातळ थर द्या आणि मेणाचं वजन-आकारमान हिशोबात धरा. तांब्याची पूर्ण घनता 8.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तुमचा तुकडा 8.5 भरला तर सुमारे 5 टक्के पोकळ्या (किंवा ऑक्साइड) आत आहेत.

पावडर वर्कशॉपमध्ये आणून ठेवली तर चालेल का?

ॲल्युमिनियम, टायटॅनियम, झिर्कोनियम, मॅग्नेशियम यांची नॅनोपावडर उघड्यावर आणू नका. हवेत उडालेल्या पावडरीला एक ठिणगी पुरते. पेटली तर पाणी कधीही मारू नका, जळत्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं अग्निशामकच वापरायचं. पुळणीवरची दमट वाळू या कामाची नाही, वाळवलेली वाळू झाकणाच्या डब्यात तयार ठेवा. साधा कापडी मास्कही पुरत नाही.

दमटपणाचा प्रश्न वेगळाच. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर असतोच. 50 नॅनोमीटरच्या कणावर 3 नॅनोमीटरचा थर धरला तर आकारमानाचा जवळपास तिसरा हिस्सा धातू नसून ऑक्साइड असतो. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत डबा उघडा राहिला तर हे आणखी बिघडतं. आर्गॉन भरलेली पेटी नसेल तर हा माल मागवूच नका.

विक्रेत्याला काय विचारायचं?

कणाचं माप आणि दाण्याचं माप, दोन्ही वेगवेगळे लिहून मागा. ऑक्सिजन किती टक्के, ते मागा. तयार वस्तू घेत असाल तर घनता किती, सिंटरिंगनंतर दाणे किती उरले आणि ताणाच्या चाचणीत किती टक्के लांबली, हे तीन आकडे मागा. यातलं काहीच न देता फक्त पावडरीच्या मापाचा कागद पुढे करणाऱ्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात पुढे शिकायचं असेल तर कुठे जावं?

मेटलर्जीची (धातुशास्त्राची) पदवी मुंबईत आयआयटीत, पुण्यात सीओईपीत आणि नागपुरात व्हीएनआयटीत घेता येते. पावडर मेटलर्जीवर थेट काम करणारी केंद्र सरकारची एआरसीआय ही संस्था हैदराबादला आहे. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला घन पदार्थांचा भाग आणि रसायनशास्त्रातली स्फटिकरचना पक्की करून जा. पहिल्या वर्षी जाताच मेटॅलोग्राफीच्या टेबलावर बसून नमुना घासायला शिका. पॉलिश नीट झालं नाही तर मायक्रोस्कोपखाली दाण्यांऐवजी ओरखडेच दिसतात.